अनेक प्रोसेसर, एक ड्रायव्हर

संगणकाच्या पडद्यावर जें कांहीं दिसतें तें काढण्याचें काम बहुधा दोन यंत्रांच्या वांट्यास येतें. एक मुख्य प्रोसेसर; सर्व कारभार त्याच्याकडे. दुसरें ग्राफिक्स-यंत्र, तें निराळ्या कार्डावर बसविलेलें असो वा प्रोसेसरच्याच चकतीवर कोरलेलें असो, त्याची भाषा मुख्य प्रोसेसरहून अगदीं वेगळी असते. ह्या दोघांमध्यें दुभाष्याचें काम करणारी जी आज्ञावली, तिला ड्रायव्हर म्हणतात. आतां प्रश्न असा कीं, ग्राफिक्स-कार्ड तेंच राहिलें आणि मुख्य प्रोसेसर मात्र बदलला, तर दुभाष्यानें काय करावें? वरवर पाहतां उत्तर सोपें आहे. ड्रायव्हर सी भाषेंत लिहिलेला असतो. सी भाषेचा कंपायलर हव्या त्या प्रोसेसरची यंत्रभाषा उत्पन्न करून देतो. तेव्हां नव्या प्रोसेसरसाठीं ड्रायव्हर पुन्हां एकदां कंपाइल केला कीं काम संपलें. हें सोपें उत्तर अनुभवानें खोटें ठरविलें आहे. तें कसें ठरलें, हा आजच्या भाषणाचा विषय.

लिनक्स ह्या कार्यप्रणालीचा जो गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, त्यांत ग्राफिक्स-ड्रायव्हरांचा एक सामाईक विभाग आहे. डीआरएम हें त्याचें नांव. कर्नेलच्या बाहेर, त्याच्या जोडीला, मेसा नांवाचा आज्ञावलींचा संग्रह आहे; ब्रायन पॉल यांनीं १९९३ मध्यें त्यास हात घातला व १९९५ मध्यें तो प्रथम प्रसिद्ध झाला. एएमडी, इंटेल, ब्रॉडकॉम, क्वालकॉम अशा अनेक कंपन्यांच्या ग्राफिक्स-यंत्रांचे ड्रायव्हर ह्या दोन घरांत एकत्र नांदतात. परंतु त्यांना मिळणारा मुख्य प्रोसेसर एका जातीचा नसतो. इंटेल व एएमडी यांची एक्स-८६ ही जात सर्वांत परिचित. तिच्याखेरीज एआरएम आहे, आयबीएमचा पॉवर आहे, रिस्क-व्ही आहे, चीनमधील लूंगसन कंपनीचा लूंगआर्क आहे. प्रत्येक जातीसाठीं ड्रायव्हरची निराळी प्रत काढावी असें कोणाच्याही मनांत येईल. पण एका प्रतींत दुरुस्त केलेला दोष दुसऱ्या प्रतींत तसाच राहतो, आणि ज्या जातीचे वापरणारे थोडे, तिची प्रत लौकरच अडगळींत जाऊन पडते. म्हणून प्रत एकच ठेवावयाची, असें धोरण ठरलेलें आहे. धोरण योग्यच आहे. त्याची किंमत कोणती, तेवढें पाहावयाचें.

आरंभ कार्ड जागें करण्यापासून करावा. पीसीसाठीं बनविलेल्या ग्राफिक्स-कार्डावर एक लहानशी कायमची स्मृति असते व तींत तें कार्ड सुरू करण्याची आज्ञावली कोरलेली असते. ही आज्ञावली एक्स-८६ च्या यंत्रभाषेंत असे. कारण कार्ड बनविणारानें दुसऱ्या कोणत्या प्रोसेसरचा विचारच केलेला नव्हता. मग डिजिटल कंपनीच्या अल्फा यंत्रांत तेंच कार्ड बसविलें म्हणजे काय होणार? अल्फाला तो मजकूर वाचतांच येत नाहीं. एक्सफ्री-८६ ह्या पडदा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या २००० सालच्या चौथ्या आवृत्तींत ह्यावर एक तोड काढलेली होती. तींत एक्स-८६ प्रोसेसरची नक्कल करणारी एक आज्ञावलीच अंतर्भूत केलेली होती. ६४ बिटांच्या ऐटदार अल्फानें क्षणभर इंटेलच्या सोळा बिटी प्रोसेसरचें सोंग घ्यावें, कार्डाची समजूत घालावी, आणि कार्ड जागें झालें कीं सोंग उतरवून ठेवावें, असा तो प्रकार. पुढें एटीआय कंपनीच्या कार्डांत अॅटमबायॉस नांवाची पद्धति आली. तींत कार्ड सुरू करण्याचे हुकूम कोणत्याच प्रोसेसरच्या यंत्रभाषेंत नसतात. एका छोट्या स्वतंत्र भाषेंतील हुकुमांचीं कोष्टकें असतात आणि ड्रायव्हर तीं वाचून त्याप्रमाणें वागतो. कोष्टक वाचणारा प्रोसेसर कोणता, याची पंचाईत कार्डाला उरत नाहीं. ही दुसरी युक्ति पहिलीपेक्षां निःसंशय श्रेष्ठ आहे.

तथापि त्या कोष्टकांतील आंकडेही कोणत्या तरी क्रमानें लिहिलेले असतात, आणि क्रमाचा प्रश्न फार जुना आहे. मराठी मनुष्य २५ हा आंकडा लिहितांना दोन आधीं लिहितो; पण उच्चारतांना ‘पंचवीस’ म्हणतो, म्हणजे पांच आधीं आणि वीस मागून. शब्दांनीं शकाचें वर्ष सांगणारे जुने ज्योतिषी तर एकं स्थानापासूनच आरंभ करीत. संख्या एकच, लिहिणाराचा व बोलणाराचा क्रम निराळा. प्रोसेसरांतही असेच दोन पंथ आहेत. चार बाइटांची संख्या स्मृतींत ठेवतांना एक पंथ मोठ्या स्थानाचा बाइट आधीं ठेवतो, दुसरा लहान स्थानाचा. डॅनी कोहेन यांनीं १९८० मध्यें ह्या दोघांना बिग-एंडियन व लिटल-एंडियन हीं नांवें दिलीं. अंडें मोठ्या टोंकानें फोडावें कीं लहान, यावरून भांडणाऱ्या लोकांची जी कथा स्विफ्टनें १७२६ सालच्या गलिव्हरच्या प्रवासवर्णनांत सांगितली, तींतून तीं घेतलेलीं आहेत. एक्स-८६ लिटल-एंडियन, अॅपलच्या जुन्या मॅकिंटॉश यंत्रांतील पॉवरपीसी बिग-एंडियन.

ह्या भेदाचा परिणाम पडद्यावर कसा दिसतो तें ऐकण्यासारखें आहे. चित्राच्या प्रत्येक बिंदूसाठीं चार बाइट असतात: पारदर्शकता, तांबडा, हिरवा आणि निळा. क्रम उलटा वाचला गेला म्हणजे तांबडा व हिरवा यांची अदलाबदल होते, आणि निळ्याच्या जागीं पारदर्शकतेचा आंकडा येऊन बसतो. चित्र अपारदर्शक असेल तर हा आंकडा सर्वत्र २५५, म्हणजे कमाल. म्हणून सगळें चित्र निळ्या रंगांत बुडालेलें दिसतें. बरें, बाइटांची उलटापालट आपोआप करण्याची सोय कांहीं कार्डांत होती. तिचा उपयोग करावा तर बिंदु चार बाइटांचा असल्यास चौघांची उलटापालट करावी लागते, दोन बाइटांचा असल्यास दोघांचीच. अर्थात् स्मृतीच्या कोणत्या भागांत कोणत्या प्रकारचें चित्र आहे हें माहीत असल्यावांचून उलटापालट बरोबर होत नाहीं. आणि स्मृतीचा कारभार पाहणाऱ्या भागाला चित्राच्या प्रकाराची माहिती नसते. ड्रायव्हरच्या एका खोलींतील गोष्ट दुसऱ्या खोलींत कळवावी लागते, ती अशा कारणामुळें.

क्रमाचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो अधिक कपटी आहे. ड्रायव्हर कार्डाला हुकूम देतो तो असा: स्मृतींत एक वही ठेवलेली असते, ड्रायव्हर तींत हुकूम लिहितो व मग कार्डाची घंटा वाजवितो. घंटा हा शब्द अलंकारिक नव्हे. तंत्रज्ञ तिला डोअरबेलच म्हणतात. घंटा ऐकून कार्ड वही उघडतें. एक्स-८६ प्रोसेसर साधारण स्मृतींत ज्या क्रमानें नोंदी करतो, त्याच क्रमानें त्या इतरांस दिसतात. एआरएम व पॉवर यांनीं असें वचन कोणाला दिलेलें नाहीं. त्यांच्या राज्यांत घंटा आधीं ऐकूं यावी आणि वहींतील अक्षरें मागून उमटावीं, असें होऊं शकतें. कार्ड वही उघडतें तों पानावर जुनाच मजकूर! यावर उपाय म्हणजे नोंद आणि घंटा यांच्यामध्यें बॅरियर नांवाचा हुकूम घालणें: मागील नोंदी पोंचल्यावांचून पुढें जाऊं नये, अशी ताकीद. एक ओळीचें काम आहे. पण ती ओळ विसरली तर एक्स-८६ वर बहुधा कांहींच बिघडत नाहीं, आणि एआरएमवर शेंकडों वेळां सुरळीत चाललेलें कार्ड एखादे दिवशीं गोठून बसतें. असा दोष शोधून काढण्यांत किती रात्री जातात, हें ज्यांनीं शोधला त्यांनाच ठाऊक.

स्मृतीच्या पानांचें तसेंच आहे. कर्नेल सर्व स्मृतीची मोजदाद पानांनीं करतो. एक्स-८६ वर मूळ पान ४०९६ बाइटांचें. पॉवरवर तें पुष्कळदां ६५,५३६ बाइटांचें असतें. अॅपलच्या २०२० नंतरच्या एम-१ वगैरे प्रोसेसरांवर लिनक्स १६,३८४ बाइटांचें पान वापरतें. इकडे एएमडीच्या ग्राफिक्स-कार्डाचें स्वतःचें पान ४०९६ बाइटांचें धरलेलें असतें. एक्स-८६ वर दोन्ही पानें सारखीं निघतात, आणि सारखीं निघाल्यामुळेंच तीं दोन आहेत हें लिहिणाराच्या लक्षांत राहत नाहीं. एएमडीच्या ड्रायव्हरांत प्रोसेसरच्या एका पानांत कार्डाचीं किती पानें मावतात याचा भागाकार नांव देऊन एकदांच लिहून ठेविला आहे. एक्स-८६ वर त्याचें उत्तर एक येतें, पॉवरवर सोळा. उलट बाजूनें, एक्स-८६ साठीं लिहिलेले खेळ अॅपलच्या यंत्रावर चालविण्याची वेळ आली तेव्हां खेळांनाच लहान पान हवें होतें. आसाही लिनक्सच्या मंडळींनीं २०२४ मध्यें ह्यासाठीं एका यंत्राच्या पोटांत दुसरें लहान कल्पित यंत्र चालविलें. बाहेरच्या यंत्राचें पान मोठें, आंतल्याचें ४०९६ बाइटांचें. खर्चिक युक्ति, पण दुसरी सोय नव्हती.

हे सर्व भेद एकाच आज्ञावलींत सांभाळावयाचे तर ते लिहावे कोठें? ह्या प्रश्नावर ड्रायव्हरचें आयुष्य अवलंबून असतें. सोपा मार्ग म्हणजे जेथें अडेल तेथें ‘एआरएम असेल तर असें, पॉवर असेल तर तसें’ अशी अट घालणें. डीआरएमच्या स्मृतिव्यवस्थेंत टीटीएम नांवाचा एक भाग आहे. स्मृतीचें पान कॅशमधून वाचावें कीं थेट, हें ठरविणारें एक छोटें फलन त्यांत आहे. तें उघडलें म्हणजे प्रोसेसरांच्या नांवांची जणूं मिरवणूकच दिसते: एक्स-८६ साठीं एक नियम, एआरएम, पॉवरपीसी, मिप्स, लूंगआर्क यांच्यासाठीं दुसरा, स्पार्कसाठीं तिसरा. एक्स-८६ च्या नियमांत आणखी एक गंमत आहे. प्रोसेसर ३८६ च्या पुढचा आहे काय, अशी त्यांत चौकशी केलेली आहे. ३८६ चा आधार लिनक्समधून २०१२ च्या अखेरीस काढून टाकला गेला; तरी ती चौकशी पुढें कित्येक वर्षें तशीच चालूं होती. पाहुणा गेला, पाट मांडलेलाच!

दुसरा मार्ग म्हणजे भेदाला एक नांव द्यावें आणि त्या नांवामागें सर्व प्रकार झांकून ठेवावे. कॅश रिकामी करण्याचें काम डीआरएमच्या एका फाइलींत असें एकत्र केलेलें आहे. एक्स-८६ साठीं तींत खास हुकूम आहे, पॉवरपीसीसाठीं वेगळा; बाकीच्यांसाठीं, ‘ह्या प्रोसेसरची येथें सोय नाहीं’ अशा अर्थाचा इशारा छापला जातो. हा प्रामाणिकपणा कौतुकास्पद आहे. खोटी सोय दाखविण्यापेक्षां नसलेली सोय स्पष्ट सांगणें बरें. निदान पुढच्या मनुष्याला कोठें खणावयाचें तें कळतें.

इंटेलचें उदाहरण मुद्दाम घेण्यासारखें आहे. इंटेलचें ग्राफिक्स-यंत्र वर्षानुवर्षें इंटेलच्याच प्रोसेसरच्या संगतींत राहिलें. तेव्हां त्याचा आय-९१५ हा ड्रायव्हर एक्स-८६ च्या संवयी अंगीं बाणवून वाढला, यांत नवल नाहीं. दुसरें घर त्यानें पाहिलेंच नव्हतें. २०२२ मध्यें आर्क हीं स्वतंत्र कार्डें बाजारांत आलीं. स्वतंत्र कार्ड म्हटलें कीं तें एआरएमच्याही यंत्रांत बसविलें जाणारच. जुन्या घराच्या भिंती पाडीत बसण्यापेक्षां इंटेलनें एक्सई नांवाचा नवा ड्रायव्हर लिहावयास घेतला. तो लिनक्सच्या ६.८ ह्या आवृत्तींत, २०२४ मध्यें, दाखल झाला. नव्या घराचा पाया घालतांनाच एक्स-८६ खेरीज इतर प्रोसेसरांचा विचार करण्यांत आला.

परंतु ह्या सर्व प्रकरणांत सर्वांत बोधप्रद कथा आहे ती एएमडीच्या ड्रायव्हरांतील अपूर्णांकांची. ती जरा सविस्तर सांगावयास पाहिजे.

कर्नेलमध्यें अपूर्णांकांचें, म्हणजे फ्लोटिंग पॉइंटचें, गणित करूं नये असा जुना दंडक आहे. त्याचें कारण असें. ह्या गणितासाठीं प्रोसेसरांत निराळीं रजिस्टरें असतात. एखाद्याची आज्ञावली चालूं असतांना तिचे अर्धेमुर्धे हिशेब त्या रजिस्टरांत पडलेले असतात. मध्येंच कर्नेलला कांहीं काम निघालें तर वेळ वाचावा म्हणून तो तीं रजिस्टरें रिकामीं करून बाजूला ठेवीत नाहीं. आपण स्वतः त्यांना हात लावीत नाहीं, एवढेंच. दुसऱ्याच्या पाटीवर गणित अर्धें असतां ती पाटी आपण वापरावयाची नाहीं, असा हा शिष्टाचार आहे. अगदींच गरज पडली तर एक्स-८६ वर ‘आरंभ’ आणि ‘समाप्ति’ असे दोन हुकूम आहेत. आरंभाला दुसऱ्याचे हिशेब जपून ठेवले जातात; ह्या दोहोंच्या दरम्यान, त्या कुंपणाच्या आंत, गणित करण्यास मोकळीक असते.

एएमडीच्या नव्या कार्डांतील व प्रोसेसरांतील पडदा चालविणारा भाग डीसीएन ह्या नांवानें ओळखला जातो. पडद्याला दर सेकंदाला स्मृतींतून किती बाइट लागतील, ते वेळेवर पोंचण्यासाठीं घड्याळ किती वेगानें चालवावें, याचे हिशेब त्यासाठीं करावे लागतात. हे हिशेब चुकले तर पडदा लुकलुकतो किंवा काळा पडतो. हार्डवेअर बनविणाऱ्या अभियंत्यांचीं सूत्रें फ्लोटिंग पॉइंटमध्येंच होतीं, आणि तीं तशींच ड्रायव्हरांत आलीं. हा भाग लिनक्सच्या ४.१५ ह्या आवृत्तींत, म्हणजे २०१८ च्या जानेवारींत, प्रसिद्ध झाला. ‘आरंभ’ व ‘समाप्ति’ यांचें कुंपण एक्स-८६ चें. म्हणून डीसीएनही एक्स-८६ पुरतेंच राहिलें. परिणाम असा झाला कीं, एखाद्यानें पॉवर प्रोसेसरचें यंत्र घेऊन त्यांत २०१९ सालचें नवें कोरें एएमडी कार्ड बसविलें, तर कार्डांत शक्ति सर्व, पण त्याला पडदा लावतां येत नसे. यंत्र विकत घेणाराचा ह्यांत काय अपराध?

पॉवरसाठीं सोय प्रथम झाली. तेथें कुंपणाचे हुकूम निराळे असल्यामुळें ते ड्रायव्हरांतच अटी घालून लिहावे लागले. मग २०२० मध्यें एआरएमची पाळी आली. ती सोय कर्नेलमध्यें घेतलीही गेली, आणि लौकरच मागें घ्यावी लागली. कारण बारीक पण गंभीर होतें. फ्लोटिंग पॉइंट वापरण्याची परवानगी फाइलभर दिलेली होती, आणि कुंपण मात्र त्या फाइलींतील कांहीं ओळींभोंवतींच होतें. कंपायलरला एकदां परवानगी मिळाली म्हणजे तो तीं रजिस्टरें साध्या कामालाही, उदाहरणार्थ माहिती एका जागेहून दुसऱ्या जागीं हलविण्यासाठींही, वापरूं शकतो. आणि तें कुंपणाच्या बाहेरही होऊं शकतें. मग पडद्याची जुळणी बदलण्याच्या क्षणीं त्याच यंत्रावर दुसरा कोणी पुलाचा वा औषधाच्या मात्रेचा हिशेब करीत असेल, तर त्याच्या रजिस्टरांतील आंकडा बिनबोभाट बदलावयाचा. पडदा ठीक, यंत्र ठीक, उत्तर मात्र चुकीचें. आणि चूक झाली हें कळण्याचा मार्ग नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. हा दोष एआरएमचा नव्हता. एक्स-८६ वरही त्या फाइली अशाच सढळ परवानगीनें कंपाइल होत होत्या. नव्या पाहुण्यासाठीं घर झाडूं लागल्यावर जुनाच कचरा दिसला, इतकेंच. पुढें एएमडीच्या अभियंत्यांनीं फ्लोटिंग पॉइंटचें सर्व गणित उचलून एका स्वतंत्र विभागांत नेण्याचें काम चालविलें. परवानगी त्या विभागापुरती, आणि त्यांत शिरावयाचें तर कुंपणाच्या दारांतूनच. कोणी दाराखेरीज शिरला तर तक्रार करणारी तपासणीही त्यांत ठेविली. हें कंटाळवाणें काम झाल्यावर एआरएमची सोय २०२२ च्या अखेरीस पुन्हां आली, लिनक्सच्या ६.२ ह्या आवृत्तीबरोबर, २०२३ च्या फेब्रुवारींत, ती प्रसिद्ध झाली आणि टिकली. २०२४ मध्यें ६.१० ह्या आवृत्तींत याहून मोठें पाऊल पडलें. कुंपणाचे दोन हुकूम सर्व प्रोसेसरांसाठीं एकाच नांवाचे करण्यांत आले; प्रत्येक जातीनें ते आपल्या घरीं आपल्या रीतीनें पुरे करावे आणि ड्रायव्हरनें फक्त नांव घ्यावें. ड्रायव्हरांतील जातवार अटी त्यामुळें गळून पडल्या, आणि रिस्क-व्हीच्या यंत्रावरही एएमडीच्या नव्या कार्डाला पडदा जोडण्याचा मार्ग मोकळा झाला.

राहतां राहिला प्रश्न तपासणीचा. ज्या यंत्राचे वापरणारे मूठभर, त्यावरील दोष सांगणार कोण? बिग-एंडियन पंथाची स्थिति ह्या बाबतींत बिकट आहे. पॉवरसाठींच्या लिनक्सनेंही बहुतांशीं लिटल-एंडियन क्रम पत्करला. जुने पॉवरपीसी मॅकिंटॉश हौशी लोकांच्या टेबलावर तेवढे उरले. अशा वेळीं मेसाच्या मंडळींना मदत झाली ती अनपेक्षित ठिकाणाहून. आयबीएमचीं एस-३९० जातीचीं मोठीं यंत्रें बँकांचे हिशेब ठेवतात. तीं बिग-एंडियन आहेत. त्यांना ग्राफिक्स-कार्डाची गरज नसते. तरीही मेसाच्या नित्याच्या तपासणींत ह्या जातीसाठींही बांधणी करून पाहिली जाते, आणि बाइटांच्या क्रमाची एखादी चूक तेथें आधीं पकडतां येते. रंगांची चूक मात्र अशी सर्वच पकडली जात नाहीं. त्यासाठीं अजून कोणा जुन्या मॅकिंटॉशच्या मालकालाच नवी आवृत्ति घालून पडदा पाहावा लागतो, आणि निळा दिसला तर तसें कळवावें लागतें.